युरेनियम फॉस्फेट खाली बसेल की पाण्यातच राहील? विहिरीच्या पाण्याचं गणित कोणत्या क्रमानं सोडवावं

एम.एस्सी.च्या प्रकल्पांमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षं तसंच येत राहतं: 'फॉस्फेट असल्यामुळे पाण्यातील युरेनियम अवक्षेपित होते.' खाली एक गुणाकार असतो. एकूण युरेनियम गुणिले एकूण फॉस्फेट, शेजारी पुस्तकातला द्राव्यता गुणाकार (घन बसायला आयनांचा गुणाकार जिथवर पोचावा लागतो ती मर्यादा), आणि निष्कर्ष. आकडेमोड बहुतेक वेळा बरोबर असते, चुकतो तो क्रम. खाली घेतलेल्या उदाहरणात पाणी एकच, आकडे तेच, तरी एका वाटेनं उत्तर, म्हणजे संपृक्तता निर्देशांक, +१.४८ येतं आणि दुसऱ्या वाटेनं −४.०७. पहिलं, शून्याच्या वरचं, उत्तर म्हणतं साका बसणार, दुसरं म्हणतं बसण्याचा प्रश्नच नाही.

हा लेख रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडातल्या कॉलेजांमधून विहिरीच्या किंवा खाडीच्या पाण्यावर प्रकल्प करणाऱ्यांसाठी आहे. काम सगळं कागदावरचं.

इशारा: युरेनियमची संयुगं भारतात अणुऊर्जेच्या कायद्याखाली नियंत्रित आहेत. काही जुन्या प्रयोगशाळांच्या कपाटात युरेनिल अॅसिटेटची किंवा झिंक युरेनिल अॅसिटेटची एखादी बाटली अजून पडलेली असते, कारण पूर्वी सोडियम मोजायला ती वापरत. ती उघडू नका, हलवू नका. विभागप्रमुखांना सांगा आणि बाजूला व्हा. या गणितासाठी तिची काहीही गरज नाही.

## पूर्वतयारी: कोणते आकडे हातात हवेत

पाण्याचा पीएच, बायकार्बोनेट, कॅल्शियम, विरघळलेलं फॉस्फेट, विरघळलेलं युरेनियम, विद्युतवाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन. यातला एकही नसेल तर अंदाजानं भरू नका. बायकार्बोनेट नसेल तर गणित सुरूच करू नका. का, ते चौथ्या टप्प्यात दिसेल.

पीएच विहिरीवरच मोजायचा. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं, त्यात क्षार कमी, आणि मातीतून आलेला कार्बन डायऑक्साइड हवेच्या मानानं कितीतरी जास्त. बाटली अर्धी भरून एसटीनं कॉलेजात आणली की तो वायू वाटेतच निघून जातो आणि पीएच वर चढतो. विहिरीवर ६.० असलेलं पाणी प्रयोगशाळेत ६.८ दाखवू शकतं. पाणी असं मऊ असल्यामुळे बफर म्हणून धरून ठेवणारं त्यात फारसं काही नसतं. मीटर नेता येत नसेल तर बाटली पाण्याखालीच काठोकाठ भरा, पाण्यातच झाकण लावा, आणि पोचल्याबरोबर पहिली मोजणी पीएचची करा.

आधी गाळा, मग आम्ल घाला. पावसाळ्यात विहिरीत तांबूस गढूळपणा येतो. ते लोहाच्या हायड्रॉक्साइडचे बारीक कण असतात आणि फॉस्फेट व युरेनियम दोन्ही त्यांना घट्ट धरून बसलेले असतात. न गाळता नायट्रिक आम्ल टाकलं की कण विरघळतात आणि चिकटलेलं सगळं 'विरघळलेलं' म्हणून मोजलं जातं. ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून विहिरीवरच गाळा. युरेनियमच्या बाटलीत आम्ल घाला, बायकार्बोनेटच्या बाटलीत कधीच नाही.

बाटल्या कपड्याच्या साबण-पावडरीनं धुऊ नका. मायक्रोमोल फॉस्फेट मोजताय, पावडरीचा उरलेला अंश तेवढा सहज असतो.

एककं एका जागी आणा. सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. माती परीक्षणाच्या अहवालाची सवय असलेला माणूस फॉस्फरस पेंटॉक्साइडमध्ये बोलतो, पाणी तपासणारा कधी फॉस्फेट म्हणून देतो, कधी नुसता फॉस्फरस म्हणून. लिटरमागे ३१ मायक्रोग्रॅम फॉस्फरस, ९५ मायक्रोग्रॅम फॉस्फेट आणि ७१ मायक्रोग्रॅम पेंटॉक्साइड हे तिन्ही एकच, म्हणजे १ मायक्रोमोल. अहवालात नुसतं 'फॉस्फेट ०.०९५' लिहिलं असेल तर प्रयोगशाळेला फोन करून विचारा. युरेनियमचे मायक्रोग्रॅम २३८ नं भागले की मायक्रोमोल मिळतात.

या लेखातलं उदाहरण असं धरू: पीएच ६.०, फॉस्फेट १ मायक्रोमोल, बायकार्बोनेट लिटरमागे ९ मिलिग्रॅम, युरेनियम ३० मायक्रोग्रॅम. युरेनियमचा आकडा मुद्दाम जागतिक आरोग्य संघटनेच्या पिण्याच्या पाण्याच्या मार्गदर्शक मर्यादेइतका घेतला आहे. कोकणातल्या कुठल्या विहिरीत एवढं सापडलं असा त्याचा अर्थ नाही. डेक्कनच्या बेसाल्टमध्ये युरेनियम मुळातच कमी असतं.

तपासा: युरेनियम ०.१२६ मायक्रोमोल, म्हणजे मोलमध्ये लॉग (१० चा कितवा घात) −६.९०. फॉस्फेटचा लॉग −६.००. बायकार्बोनेट ९ भागिले ६१, म्हणजे ०.१४८ मिलिमोल, लॉग −३.८३. हे तीन आकडे जुळले तरच पुढे जा.

## टप्पा १: युरेनियम कोणत्या ऑक्सिडेशन स्थितीत आहे ते ठरवा

हवा लागणाऱ्या पाण्यात युरेनियम +६ स्थितीत असतं आणि एकटं फिरत नाही. दोन ऑक्सिजन दोन बाजूंना सरळ रेषेत धरून युरेनिल आयन म्हणून फिरतं, त्यावर भार +२. हवा नसेल तर +४ स्थिती येते. ती पाण्यात फारच कमी विरघळते आणि तिचं फॉस्फेट वेगळंच असतं. उदाहरणार्थ निंग्योआइट, म्हणजे कॅल्शियम आणि +४ युरेनियमचं फॉस्फेट. त्यात युरेनिल नसतंच.

उघड्या विहिरीला हा टप्पा दोन ओळींत संपतो. विरघळलेला ऑक्सिजन भरपूर, म्हणून युरेनिल धरलं, असं लिहा आणि पुढे चला.

खाडीचा नमुना असेल तर थांबा. खारफुटीखालचा चिखल वीतभर उकरला की काळा निघतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा वास, तिथे ऑक्सिजन संपलेला आहे. त्या चिखलातल्या पाण्यावर युरेनिल फॉस्फेटचं गणित लावणं म्हणजे चुकीच्या पदार्थाचं गणित अचूक सोडवणं. वरचं वाहतं पाणी आणि चिखलातलं पाणी हे दोन वेगळे नमुने माना, एका तक्त्यात एकाखाली एक टाकू नका.

## टप्पा २: घन पदार्थ नेमका लिहा

'युरेनियम फॉस्फेट' नावाचा एकच पदार्थ नाही. द्राव्यता गुणाकार शोधण्याआधी कोणता घन, त्यात युरेनिल किती, फॉस्फेट किती, पाणी किती, हे लिहून काढा.

नेहमी भेटणारे दोन गट. पहिल्यात युरेनिल आणि फॉस्फेट एकास एक. हे ऑट्युनाइटचं घराणं. युरेनिल आणि फॉस्फेटच्या चतुष्फलकांची एक चादर बनते, तिच्यावर दर युरेनिलमागे एक ऋण भार उरतो. हा भार फेडायला दोन चादरींच्या मधे कोणीतरी येऊन बसतं, सोबत पाणी घेऊन. कॅल्शियम बसलं तर ऑट्युनाइट, तांबं बसलं तर टॉर्बर्नाइट, मॅग्नेशियम बसलं तर सॅलीआइट, हायड्रोजन बसला तर चेर्निकोव्हाइट. मधलं पाणी सैल असतं. कोरड्या हवेत ऑट्युनाइटमधलं काही निघून जातं आणि मेटा-ऑट्युनाइट उरतं.

दुसऱ्या गटात तीन युरेनिलला दोन फॉस्फेट. साधं युरेनिल ऑर्थोफॉस्फेट, चार पाण्यासह.

इथल्या चुका ठरलेल्या आहेत. हायड्रोजन युरेनिल फॉस्फेट चार पाण्यासह, आणि हायड्रोनियम युरेनिल फॉस्फेट तीन पाण्यासह, ही दोन संयुगं समजून दोन ओळींत मांडली जातात. पदार्थ एकच आहे. एका पाण्याला हायड्रोजन चिकटलेला धरला की चारचे तीन होतात. दुसरी चूक भाराची. ऑट्युनाइटचं सूत्र लिहिताना एका कॅल्शियमला एकच युरेनिल फॉस्फेट दिलं जातं. कॅल्शियमचा भार +२, चादरीचा दर एककाला −१. म्हणून एका कॅल्शियमला दोन युरेनिल आणि दोन फॉस्फेट.

तपासा: प्रत्येक सूत्राचा एकूण भार शून्य येतो का? ऑर्थोफॉस्फेट: तीन गुणिले +२, दोन गुणिले −३. शून्य. ठीक.

आता स्थिरांक. २५ अंश सेल्सिअसला, घन विरघळून सुटे युरेनिल, हायड्रोजन आणि तिहेरी भाराचं फॉस्फेट असे आयन होतात असं समीकरण धरलं तर हायड्रोजन युरेनिल फॉस्फेटचा लॉग द्राव्यता गुणाकार −२४.२०, युरेनिल ऑर्थोफॉस्फेटचा −४९.३६. हे आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या अणुऊर्जा संस्थेने तपासून निवडलेले आकडे आहेत. कोकणातल्या विहिरीचं पाणी २५ अंशांपासून फार लांब नसतं, तापमानाची दुरुस्ती सोडून दिली तरी चालेल.

इशारा: याच पदार्थांसाठी तुम्हाला −२.५० आणि −५.९६ असेही आकडे दिसतील. ते खोटे नाहीत. तिथे समीकरण आम्ल घालून फॉस्फोरिक आम्ल बाहेर काढणारं आहे. फॉस्फोरिक आम्लाचे तिन्ही हायड्रोजन सोडवायला २१.७० लॉग लागतात: −२.५० मधून एकदा वजा केले की −२४.२०, −५.९६ मधून दोनदा वजा केले की −४९.३६. समीकरणाशिवाय स्थिरांक उतरवून घेऊ नका. वहीत दोन्ही शेजारी शेजारी असू द्या.

## टप्पा ३: फॉस्फेटची वाटणी

मोजलेलं एक मायक्रोमोल फॉस्फेट सगळं तिहेरी भाराचं नसतं. फॉस्फोरिक आम्लाचे पीके (ज्या पीएचला एकेक हायड्रोजन अर्धा सुटलेला असतो) २.१४, ७.२१ आणि १२.३५. पीएच ६ ला जवळजवळ सगळं फॉस्फेट दोन रूपांत असतं, दोन हायड्रोजनवालं आणि एक हायड्रोजनवालं. त्यांचं प्रमाण १० चा १.२१ वा घात, म्हणजे १६.२ ला १.

एक हायड्रोजनवालं म्हणजे एकूण भागिले १७.२, ५.८ टक्के. लॉग −७.२४. त्याच्यापासून तिहेरी भाराचं फॉस्फेट काढायला आणखी १२.३५ वजा ६, म्हणजे ६.३५ खाली. लॉग −१३.५९.

मोजलेलं −६.००, द्राव्यता गुणाकारात घालायचं −१३.५९. साडेसात लॉगचा फरक. ऑर्थोफॉस्फेटमध्ये तो दोनदा मोजला जातो, म्हणजे पंधरा. हा टप्पा गाळणारा विद्यार्थी कुठल्याही पाण्यात युरेनियम बसवून दाखवतो.

तपासा: पीएच ७.२१ च्या खाली दोन हायड्रोजनवालं रूप जास्त यायला हवं. उलट आलं तर प्रमाण उलटं मांडलंय.

## टप्पा ४: मोकळं युरेनिल किती उरतं

सगळा खेळ इथे आहे, म्हणून घाई करू नका.

एकूण युरेनियममधलं फार थोडं मोकळ्या युरेनिलच्या रूपात असतं. बाकीचं हायड्रॉक्साइड, कार्बोनेट आणि फॉस्फेट यांच्याशी कॉम्प्लेक्स करून, म्हणजे जोडी बांधून, विरघळलेलंच राहतं. द्राव्यता गुणाकारात फक्त मोकळं युरेनिल जातं.

पद्धत अशी: मोकळं युरेनिल १ धरायचं, आणि त्याच्या तुलनेत प्रत्येक कॉम्प्लेक्स किती पट आहे ते काढायचं. सगळ्यांची बेरीज केली की एकूण युरेनियम मोकळ्याच्या किती पट आहे ते कळतं.

हायड्रॉक्साइड. पहिल्या हायड्रॉक्साइडचा लॉग स्थिरांक −५.२५, तो पाण्यातून हायड्रोजन सोडतो, म्हणून पीएच ६ ला +०.७५, म्हणजे ५.६२ पट. दुसऱ्याचा −१२.१५, दोन हायड्रोजन, म्हणून −०.१५, म्हणजे ०.७१ पट.

फॉस्फेट. एक हायड्रोजनवाल्याशी स्थिरांक ७.२४. वर काढलेला लॉग −७.२४. बेरीज शून्य, म्हणजे जवळपास १ पट (नेमकं १.०१). तिहेरी भाराच्या फॉस्फेटशी १३.२३, बेरीज −०.३६, म्हणजे ०.४४ पट.

कार्बोनेट. आधी कार्बोनेटचा लॉग काढा: बायकार्बोनेट −३.८३, त्यातून १०.३३ वजा, पीएच ६ अधिक, एकूण −८.१६. युरेनिलला एक कार्बोनेट जोडायचा स्थिरांक ९.९४, बेरीज १.७८, म्हणजे ६०.३ पट. दोन कार्बोनेट: १६.६१ वजा १६.३२, म्हणजे ०.२९, १.९५ पट. तीन कार्बोनेट: २१.८४ वजा २४.४८, नगण्य.

आता बेरीज: १ + ५.६२ + ०.७१ + १.०१ + ०.४४ + ६०.३ + १.९५ = ७१.०. लॉग १.८५. मोकळ्या युरेनिलचा लॉग −६.९० वजा १.८५, म्हणजे −८.७५.

शंभरातले साधारण दीडच मोकळे. बाकीच्यांतला मोठा वाटा एका कार्बोनेटचा, तेही ज्या पाण्याला आपण 'क्षारच नाहीत' म्हणतो त्यात.

इशारा: बायकार्बोनेट मोजलं नाही म्हणून 'पाणी हवेशी समतोलात धरलं' असं लिहिणारे बरेच. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवरून काढलं तर पीएच ६ ला कार्बोनेटचा लॉग −९.५५ येतो, एका कार्बोनेटचं कॉम्प्लेक्स फक्त २.४५ पट, आणि एकूण बेरीज ७१ ऐवजी ११.२. विहिरीचं पाणी हवेशी समतोलात नसतं. मातीत मुळं आणि जिवाणू श्वास घेतात, पाणी तो वायू घेऊन खाली उतरतं. हवा धरायची ती तळ्याला, पावसाच्या पागोळीला.

तपासा: युरेनियमशी बांधलं गेलेलं फॉस्फेट एकूण फॉस्फेटच्या काही टक्क्यांपलीकडे जातं का? आपल्या उदाहरणात नगण्य आहे, म्हणून तिसऱ्या टप्प्यातला आकडा तसाच ठेवला. युरेनियम दहा-वीस पट असतं तर तिसरा आणि चौथा टप्पा आळीपाळीनं पुन्हा करावा लागला असता. दोन-तीन युरेनिल एकत्र येऊन होणारी हायड्रॉक्साइडंही तेव्हा मोजावी लागली असती.

## टप्पा ५: आयनिक गुणाकार आणि संपृक्तता निर्देशांक

संपृक्तता निर्देशांक म्हणजे आयनिक गुणाकाराचा (पाण्यात प्रत्यक्ष असलेल्या आयनांच्या गुणाकाराचा) लॉग वजा द्राव्यता गुणाकाराचा लॉग. शून्याच्या वर गेला तर घन बसू शकतो, खाली राहिला तर असलेलाही विरघळतो.

युरेनिल ऑर्थोफॉस्फेट: तीन गुणिले −८.७५, अधिक दोन गुणिले −१३.५९. −२६.२५ आणि −२७.१८. एकूण −५३.४३. निर्देशांक −५३.४३ अधिक ४९.३६, म्हणजे −४.०७.

हायड्रोजन युरेनिल फॉस्फेट: −८.७५ वजा ६.०० वजा १३.५९, म्हणजे −२८.३४. निर्देशांक −४.१४.

दोन्ही खोल ऋण. बसणार नाही.

आता चौथा टप्पा गाळून बघा. मोकळं युरेनिल −६.९० धरलं तर ऑर्थोफॉस्फेटचा आयनिक गुणाकार −२०.७० आणि −२७.१८, म्हणजे −४७.८८, निर्देशांक +१.४८. हवा धरून केलं तर −१.६७. तीन उत्तरं, तिन्हींची आकडेमोड निर्दोष.

एका सूत्रात तीन युरेनिल असल्यामुळे मोकळ्या युरेनिलमधली चूक निर्देशांकात तिप्पट होऊन येते. याच कारणानं दोन वेगळ्या सूत्रांचे निर्देशांक थेट शेजारी ठेवून 'हा जास्त ऋण, म्हणून हा जास्त विद्राव्य' असंही म्हणू नका. आधी प्रत्येकाला त्याच्यातल्या युरेनिलच्या संख्येनं भागा. आपल्या उदाहरणात −४.०७ चे −१.३६ होतात आणि −४.१४ तसंच राहतं. म्हणजे संपृक्ततेच्या जवळ ऑर्थोफॉस्फेट आहे, बऱ्याच जवळ.

## टप्पा ६: आयनिक तीव्रता

जांभ्यातल्या मऊ पाण्यात आयनिक तीव्रता (भारित आयन एकूण किती याचं माप) ०.००१ च्या आसपास किंवा त्याहून कमी धरता येते. तिथे एकेरी भाराच्या आयनाची दुरुस्ती लॉगमध्ये ०.०१६, दुहेरीची ०.०६, तिहेरीची ०.१४. भाराच्या वर्गानं वाढते म्हणून तिहेरी फॉस्फेटला सगळ्यात जास्त. ऑर्थोफॉस्फेटच्या निर्देशांकात याचा फरक फार तर अर्धा लॉग. आपल्या −४.०७ च्या पुढे तो गौण आहे, पण निर्देशांक −०.३ आला असता तर दुरुस्तीशिवाय काहीच बोलता आलं नसतं.

खाडीच्या तोंडाशी घेतलेल्या पाण्याला ही साधी दुरुस्ती लावू नका. समुद्राच्या पाण्याची आयनिक तीव्रता ०.७ च्या घरात असते. तिथे विशिष्ट आयन परस्परक्रियेचं किंवा पिट्झरचं प्रारूप लागतं, आणि ते हातानं करण्यात अर्थ नाही.

## टप्पा ७: पीएच बदलला तर सगळं पुन्हा

किनाऱ्यालगतच्या पुळणीतल्या विहिरींत शिंपल्यांचा चुना असतो. पीएच ८, बायकार्बोनेट १२२ मिलिग्रॅम असं पाणी धरा. फॉस्फेट आणि युरेनियम तेच.

बहुतेकांचा अंदाज: पीएच वाढला, तिहेरी फॉस्फेट वाढलं, म्हणजे साका बसेल. पहिला अर्धा भाग खरा आहे. तिहेरी फॉस्फेटचा लॉग −१३.५९ वरून −१०.४१ वर येतो, जवळपास दीड हजार पट. पण कार्बोनेटचा लॉग −८.१६ वरून −५.०३ वर जातो आणि आता दोन व तीन कार्बोनेटची कॉम्प्लेक्स सगळं युरेनियम ओढून नेतात. बेरजेचा लॉग ६.९७, मोकळं युरेनिल −१३.८७, निर्देशांक −१३.०७. फॉस्फेट दीड हजार पट वाढूनही घन आणखी दूर गेला.

आणि यात कॅल्शियम अजून धरलेलंच नाही. लिटरमागे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम असेल तर कॅल्शियम, युरेनिल आणि तीन कार्बोनेट यांचं एकत्र कॉम्प्लेक्स बनतं, आणि मोकळं युरेनिल आणखी सुमारे पावणेतीन लॉगनं खाली जातं. कॅल्शियम म्हटलं की ऑट्युनाइट आठवतं आणि 'कॅल्शियम वाढलं, ऑट्युनाइट बसेल' असं लिहिलं जातं. कॅल्शियम दोन्ही बाजूंनी ओढतं. चुनखडीच्या पाण्यात ते विरघळवणाऱ्या बाजूनं जास्त ओढतं.

म्हणून जांभ्याच्या सड्यावरची विहीर आणि पुळणीतली विहीर यांची सरासरी काढून एकच निर्देशांक काढायचा नाही.

## टप्पा ८: संगणकावर पडताळा

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं फ्रीक्यूसी, म्हणजे पाण्याच्या रसायनाचं गणित करणारा प्रोग्रॅम, मोफत आहे. हातानं केलेलं उत्तर त्यावर पडताळा, पण हातानं केल्याशिवाय त्याच्याकडे जाऊ नका.

सोबत येणाऱ्या मूळ डेटाबेसमध्ये युरेनियम नसतं. वॉटेक४एफ किंवा एलएलएनएल निवडावा लागतो. निवडल्यावर डेटाबेसची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून फॉस्फेटच्या ओळी डोळ्यांनी वाचा. वॉटेक४एफमध्ये हायड्रोजन युरेनिल फॉस्फेट 'एच-ऑट्युनाइट' या नावानं दुप्पट सूत्रात आहे, दोन युरेनिल, दोन फॉस्फेट, दोन हायड्रोजन. त्यामुळे स्थिरांकही दुप्पट, −४८ च्या जवळ. −२४.२० शी तुलना करून 'संगणक चुकला' म्हणणारे भेटतात. ऑट्युनाइटच्या बाबतीत मात्र जुन्या डेटाबेसमधला आणि नंतरच्या मोजणीतला आकडा यांत खरोखरच चार लॉगहून जास्त फरक आहे. म्हणून ऑट्युनाइटबद्दलचा निष्कर्ष कोणत्या आकड्यावर उभा आहे ते लिहिल्याशिवाय तो छापू नका. कॅल्शियम-युरेनिल-कार्बोनेट डेटाबेसमध्ये आहे का तेही शोधा. जुन्या डेटाबेसमध्ये नसेल तर पुळणीतल्या विहिरीचं उत्तर साफ चुकेल.

तपासा: फ्रीक्यूसीनं दिलेलं मोकळं युरेनिल आणि तुमचं, यांत अर्ध्या लॉगपेक्षा जास्त फरक असेल तर निर्देशांकाकडे बघूच नका. कॉम्प्लेक्सची यादी शेजारी ठेवा, कुठली तरी एक ओळ गळलेली किंवा जास्तीची सापडते.

## टप्पा ९: अहवालात काय लिहायचं, काय नाही

निर्देशांक ऋण आला म्हणजे 'युरेनियम पाण्यातच राहतं' असं लिहायचं नाही. त्याचा अर्थ एवढाच, की शुद्ध युरेनिल फॉस्फेटचा घन बसणार नाही. जांभ्यात लोहाचे आणि अॅल्युमिनियमचे ऑक्साइड भरपूर असतात. फॉस्फेट त्यांना चिकटतं, म्हणून तर हापूसच्या बागेत टाकलेलं खत विहिरीत फारसं उतरत नाही. युरेनिलही त्याच पृष्ठभागांना चिकटतं, आणि आधी बसलेलं फॉस्फेट त्याला आणखी घट्ट धरू शकतं. घन न बसताही युरेनियम पाण्यातून कमी होऊ शकतं. हे अधिशोषण आहे, अवक्षेपण नव्हे, आणि वरच्या गणितात ते कुठेच नाही.

निर्देशांक धन आला तरी 'बसलं' असं म्हणता येत नाही, 'बसू शकतं' एवढंच. बसल्याचा पुरावा क्ष-किरण विवर्तनातून येतो. अतिनील दिव्याखाली हिरवट-पिवळं चमकलं म्हणून ऑट्युनाइट, असं लिहिणं तर फारच धाडसाचं. टॉर्बर्नाइटमधलं तांबं ही चमक विझवतं, आणि चमकणारी इतर खनिजं पुष्कळ आहेत.

अहवालात पीएच कुठे मोजला, गाळणी कितीची, फॉस्फेट कोणत्या रूपात मोजलं, प्रत्येक स्थिरांक कोणत्या समीकरणाचा आणि कॉम्प्लेक्स कोणती धरली, हे एका तक्त्यात द्या. निर्देशांक दोन दशांशांपर्यंत लिहा, पण त्यापुढे अधिक-उणे अर्ध्याची अनिश्चितता जोडा. पीएचमधली ०.१ ची चूकही तिहेरी फॉस्फेटमध्ये दुप्पट होऊन शिरते, आणि कार्बोनेटमध्ये वेगळी. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा मोकळ्या युरेनिलवर येतो. बेरजेची ती ओळ, १ पासून ७१ पर्यंतची, पाठीमागच्या परिशिष्टात न ढकलता मुख्य पानावरच ठेवा.